काकूचं टरबूज आणि माझं बोट

माझी महानंदा काकू कुणावरही चिडू शकते, पण पहिला मान माझा. यंदा तिला टरबुजाचं निमित्त मिळालं.

धर्मापुरीत आमच्या शेजारी पाशाभाई राहतात. त्यांचा फळांचा गाडा आहे. दर रमजानात त्यांची बायको रहिमाबी भिंतीवरून काकूला एक टरबूज देते. तीस वर्षं झाली, चुकलेलं नाही. गेल्या साली ते हातात घेताना काकू फणकारली, "किती दिवस तुमचंच खायचं? पुढच्या रमजानला माझ्या परसातल्या टरबुजानं तुझा रोजा सुटंल. न्हाई सुटला, तर महानंदा नाव लावणार न्हाई!" त्याच टरबुजाच्या बिया तिनं राखेत घोळून डब्यात ठेवल्या.

दिवाळी सरताच परसात चार आळी झाली. ती मी खणली, शेणखत मी कालवलं, पाणी मीच घातलं. काकू बाजेवर बसून चुका काढत होती. वेल पसरले, पिवळी फुलं आली. एका फुलाच्या बुडाशी बोराएवढं केसाळ फळ दिसलं. "ते बघ!" म्हणून मी बोट दाखवलं आणि पाठीत धपाटा बसला.

"मुडद्या, कवळ्या फळाला बोट दावतेत का? सडतंय ते!"

चार दिवसांत ते पिवळं पडून गळालं. झालो मी आरोपी. पुढचं गळालं तेव्हा मी अंबाजोगाईला गेलतो, तरी मीच.

"तिथून दावलं असशील."

मग परसात बोटं मुडपून फिरायचा हुकूम सुटला. पोस्टमनलासुद्धा तिनं हात खिशात घालायला लावले. तरी फळ टिकेना. रमजान पंधरा दिवसांवर आला. काकू आता भिंतीकडं बघायचंच टाळायची.

शेवटी पाशाभाईच आत आले. वेल न्याहाळून म्हणाले, "भाबी, वेल तर लई जोरात हाय. पन नर फुलं कुठं गेली?"

"कसली नर?"

"ज्यांच्या बुडाला फळ नसतं, ती. त्यांचा पराग फळाच्या फुलाला लागल्याबिगर फळ धरंल कसं?"

काकूची नजर देवघराकडं वळली. मी देवघरात डोकावलो. महादेवाची पिंड पिवळ्या फुलांनी झाकून गेलेली. "ही बिनफळाची, काय कामाची?" म्हणून काकू रोज पहाटे झाडून सगळी खुडत होती.

कित्येक दिवसांनी मी बोट सरळ केलं आणि पिंडीकडं दाखवलं.

"आता देवाला बोट दावतोस?" काकू ओरडली.

दुसऱ्या दिवसापासून ती नर फूल आधी फळाच्या फुलात फिरवायची, मग पिंडीवर वाहायची. "महादेवा, उष्टं हाय, चालवून घे."

एकच फळ धरलं. नारळाहून जरा मोठं. शेवटच्या रोज्याला काकू ते पदराखाली झाकून रहिमाबीकडं घेऊन गेली. अजान झाली, खजूर झाला, मग सुरी लागली. आत फिकट गुलाबी, तीही मधोमधच. रहिमाबीनं फोड खाल्ली.

"लई गोड हाय, महानंदा."

काकूनं एक चाखली. "काकडी हाय ही! रोजा धरून खोटं बोलतीस कावून?"

"रोजा आत्ताच सुटला की," म्हणत रहिमाबीनं दुसरी फोड उचलली.

काकूनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी गुपचूप हात खिशात घातले.