जळजळ थांबली तरी

माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. शाळेतले मास्तर नव्हेत, कटिंगचे. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. कापड कापायचं ह्यांनी, मशीनवर बसायचं मी, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचंही मीच. ह्यांना भांडता येत नाही. कुणी म्हणालं, "मास्तर, कोट सैल झाला," की हे लगेच, "हो का? द्या इकडे." अहो, गिऱ्हाईक वाळलंय, कोट सैल होणार नाही तर काय! पण ते तोंडावर सांगायचं काम माझ्याकडे.

तर अशा गरीब स्वभावाच्या माणसाला पित्ताने गाठलं. साधंसुधं पित्त नव्हे. टेबलावर वाकले की आंबट पाणी घशाशी यायचं, छातीत आग आग व्हायची, आणि कटिंग करणारा माणूस वाकणार नाही तर काय छताला लटकून कापणार? मूठ छातीवर दाबून उभे राहायचे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. वर पथ्य. तिखट बंद, तळलेलं बंद, चहा बंद, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची.

मी काय, कंबर कसून कामाला लागले. सुताराकडून ठोकळे आणले, पलंगाच्या पायांखाली घातले. त्यानंतर रोज सकाळी मी घसरत घसरत पायथ्याशी येऊन पडलेली असायची. पहिल्यांदा हे हसले, म्हणाले, "अगं, तुला गाठोड्यासारखी बांधून ठेवायला हवी." नंतर हसेनासे झाले. ते पण मी पित्तावर ढकललं.

सगळंच आम्ही पित्तावर ढकलत होतो. जेवण जात नाही, पित्त. झोप नाही, पित्त. मी रेडिओ लावला की हे उठून बंद करणार. डोकं चढलं असेल, पित्त. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, रोज फोन करून उलटतपासणी घ्यायची. "आज काय घातलंस त्याला खायला?" जशी काही मी ह्यांना विषच कालवून घालते! मी म्हटलं, "ताई, मीठ-मिरची नसलेल्या उकडलेल्या भाज्या घातल्या. तुम्ही खाऊन बघा, तुमचं पण तोंड ह्यांच्यासारखं होईल."

आणि ह्यांना एका जागी बसवेना. दुकानातून आत, आतून दुकानात. खिडकी उघड, खिडकी लाव. खडू शोधत घर उलथंपालथं करायचं आणि खडू ह्यांच्याच मुठीत. माझी मशीन चालू, आणि डोळ्यांसमोरून हा माणूस सारखा इकडून तिकडे.

"अहो, बसा हो जरा! मला गरगरायला लागलं."

"बसलं की जळजळतं."

"मग उभे राहा."

"उभं राहिलं की पण जळजळतं."

मी हात टेकले.

त्यातच हॉटेलच्या कामगारांच्या कोटांची ऑर्डर आली. मोठी ऑर्डर, राखाडी कापड, एका बाजूने तकतकीत, दुसऱ्या बाजूने बिनचमकीचं. असलं काम थर लावून करतात. कापडाचे थर एकावर एक घालायचे, सगळ्यांची तकतकीत बाजू वर. वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे. कोटाच्या उजव्या पुढ्याचं आखून झालं की डाव्यासाठी फर्मा पालथा करायचा. हे काम शिकणारासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो.

मास्तरांनी फर्मा पालथा केलाच नाही. मी जोडायला बसले तर दोन्ही गठ्ठे उजवेच! डावी बाजू एकाही कोटाला नाही. मी ते तुकडे ह्यांच्यापुढे धरले. वाटलं, कपाळावर हात मारतील, ओरडतील, निदान दचकतील तरी. हे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचं काम असावं तसं. मग मूठ छातीवर गेली.

"जळजळतंय," म्हणाले, आणि आत निघून गेले.

माझंच पित्त खवळलं. राग त्या गोळ्यांवर निघाला. दुसऱ्या दिवशी ह्यांना पुढे घालून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "गोळ्या बदला नाही तर सरळ सांगा की तुम्हाला जमत नाही. माझा धडधाकट नवरा वाळून काडी झालाय." बाई शांत आहेत बिचाऱ्या. म्हणाल्या, इतके दिवस गोळ्या घेऊनही जळजळ जात नसेल तर आत दुर्बीण घालून बघू. मी मान डोलावली. दुर्बीण म्हटलं की मनात नको नको ते येतं. तपासणी होईपर्यंत मी कुणाशी धड भांडलेसुद्धा नाही.

तपासणी झाली. बाई हसत बाहेर आल्या. "काही नाही हो. सूज होती ती भरून आलीय. आतून एकदम स्वच्छ."

माझा जीव भांड्यात पडला! दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझं तोंड नुसतं चालू. आता हे खायचं, आता ते खायचं, कोटांचं कापड परत आणू, ताईंना फोन करू. कोपऱ्यावरच्या टपरीवर ह्यांच्यासाठी चहा सांगितला. म्हटलं, "घ्या, इतक्या दिवसांनी एक घोटभर घेतला तर काही होत नाही. सुटलात एकदाचे."

ह्यांनी ग्लास हातात धरला. प्यायले नाहीत.

"आता मी काय सांगू?" म्हणाले.

"कुणाला?"

"तुला. ताईला. सगळ्यांना. काय होतंय म्हणून विचारता ना."

मला कळेना. मी म्हटलं, "अहो, आतून स्वच्छ आहे म्हणाल्या ना बाई?"

"ते मला माहीत होतं," हे म्हणाले. "जळजळ केव्हाच थांबली. गोळ्यांनी थांबली. मीच ती चालू ठेवली होती."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांचा ग्लास हिंदकळायला लागला. चहा बोटांवर सांडत होता, चांगला कढत, आणि ह्यांना पत्ताच नाही. मी ग्लास काढून घेतला.

"जेवावंसं वाटत नाही. उठावंसं वाटत नाही. कात्री हातात घेतली की वाटतं, कशाला? जळजळतंय म्हटलं की तुम्ही पुढे काही विचारत नव्हता." मग हळूच म्हणाले, "जळजळ होती तेव्हा बरं होतं गं."

मी घाबरले. खरं सांगते, दुर्बिणीच्या वेळी घाबरले होते त्यापेक्षा जास्त. ओठांवर आलं होतं, "एवढंच ना? मनाला लावून घेऊ नका, कुठेतरी फिरून येऊ." पण ह्यांचा चेहरा बघून ते बोलवेना. मी ह्यांचा दंड धरला आणि आल्या वाटेने परत फिरले.

"अगं, नको. बाईंना काय सांगायचं?"

"आत्ता मला सांगितलंत तेच."

"हसतील त्या."

"हसू तर देत, मग मी आहे आणि त्या आहेत!"

बाकावर बसलो. मला एकच धाकधूक होती, आत गेल्यावर हा माणूस परत जळजळच सांगेल. मग बाई नवीन गोळ्या देतील, आम्ही घरी जाऊ, आणि परत कुणी काही विचारणार नाही. आत गेलो. बाईंनी विचारलं, "काय हो, काही राहिलं का?" ह्यांची मूठ छातीकडे निघाली. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात पहिल्यांदा.

मूठ मध्येच थांबली. खाली आली.

"बाई," हे म्हणाले, "सकाळ झाली की मला रडू येतं."

बाई हसल्या नाहीत. दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि एकेक विचारत गेल्या. "पित्ताच्या बऱ्याच पेशंटांचं असं होतं," म्हणाल्या, "मी आधीच विचारायला हवं होतं." मग तितक्याच साध्या आवाजात म्हणाल्या, "जीव द्यावासा वाटतो का?"

मला वाटलं, आता हे "छे छे" म्हणतील. देवा, म्हणू दे.

"वाटतो," हे म्हणाले. "रोज नाही."

बाईंनी तिथल्या तिथे मनाच्या डॉक्टरांना फोन लावून त्याच दुपारची वेळ घेतली. मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना एकटं सोडू नका, आणि विचारायला घाबरू नका, विचारल्याने काही वाढत नाही.

बाहेर आलो. रस्त्यावर नेहमीची गर्दी. इतके दिवस घरात एकच प्रश्न होता, जळजळतंय का. तो आता गेला. चालता चालता मी विचारलं, "आत्ता वाटतंय का तसं?"

हे थांबले. विचार करून म्हणाले, "आत्ता नाही."

"वाटलं की मला सांगायचं. मी मशीनवर असले तरी. गिऱ्हाईक समोर असलं तरी."

"हो."

ह्यांचं "हो" मला चांगलं माहीत आहे. ते कुणालाही हो म्हणतात. म्हणून घरी पोचेपर्यंत मी परत विचारलं, आणि तेव्हापासून विचारतेच आहे. मनाच्या डॉक्टरांची गोळी चालू आहे, त्यांच्याशी बोलायलाही जातात. कधी "नाही" म्हणतात, कधी "नाही गं बाई" म्हणून वैतागतात. कधी काहीच बोलत नाहीत, नुसते बघतात. मग मी मशीन बंद करते आणि ह्यांच्याजवळ जाऊन बसते.