दिगूची सतरंजी

शेवटचं भेटलो तेव्हा दिगू अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडून होता, नाकात नळी. मी दुसऱ्या प्रदर्शनाचं सांगत होतो, या वेळी सगळं मी एकटाच मांडणार म्हणून. त्यानं खुणेनं जवळ बोलावलं. वाटलं, काही निरवानिरवीचं बोलेल. म्हणाला, "चितरं वर टांगू नको बे. लोकांची मान दुखती." जायला टेकला होता, तरी मला शिकवायचं सोडलं नव्हतं!

आम्ही दोघेही चित्रकलेचे शिक्षक. इथे इंग्रजांची छावणी होती, त्या काळात साहेबांनी काढलेली जलरंगातली चित्रं आणि त्यांच्या पदरी असलेल्या देशी चिताऱ्यांची चित्रं, असं पहिलं प्रदर्शन आम्ही मिळून भरवलं. चित्रं मिळवली मी, घरोघर मिनतवाऱ्या करून. साहेब एका भिंतीवर, देशी समोरच्या, ही मांडणीही माझीच. दिगूनं आदल्या दिवशी सगळं उतरवलं, साहेबाशेजारी देशी अशा जोड्या लावल्या, त्याही माझ्या कमरेच्या उंचीला, आणि दालनात मधोमध घरची लाल सतरंजी अंथरली. मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "आपली माणसं हुबं राहून बघतेत व्हय? बसली की बघतेत."

आणि खरंच बसली. पाली गावाकडची एक मेंढपाळ बाई मांडी घालून साहेबाची मेंढरं बघायची, मग शेजारची देशी मेंढरं, मग पुन्हा साहेबाची... निघताना दिगूला म्हणाली, "लई ग्वाड मांडलंय, दादा." मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. जळलो मी, दुसरा शब्द नाही. त्याच्या अंत्ययात्रेची गर्दी पाहूनही पोटात दुखलंच.

गेल्या आठवड्यात दुसरं प्रदर्शन उघडलं. सगळं माझ्या मनासारखं... चित्रं उंच, साहेब वेगळे, देशी वेगळे. तीच बाई आली, सरळ मधोमध जाऊन उघड्या फरशीवर बसली आणि मान वर करून बघू लागली. थोड्या वेळानं मानेवर हात ठेवून म्हणाली, "ते दादा न्हाईत का आज?"

"न्हाईत," मी म्हणालो. "बसा, सतरंजी आणतो."

दिगूच्या घरी वहिनींनी ती लगेच काढून दिली. आता चित्रं एकेक करून खाली घेतोय. उंची ठरवायला सतरंजीवर बसून पाहावं लागतं. पहिल्या प्रदर्शनात जिथे तो बसायचा, नेमकं तिथूनच सगळं नीट दिसतं. दिग्या, सरक की बे जरा.