राणीच्या बागेतला नवस

मांडीवर पितळी डबा, डब्यात तळलेले एकवीस मोदक, आणि कठड्यापलीकडे संथपणे कान हलवत उभा असलेला हत्ती... मुंबईच्या राणीच्या बागेतली माझी अक्का मला अजून अशीच दिसते. हत्तीच्या अंगाचा उग्र दर्प आणि डब्यातला तुपागुळाचा सुगंध एकमेकांत मिसळले होते, आणि तिच्या डोक्यावर पाटी होती — प्राण्यांना खायला घालू नये.

अक्का म्हणजे माझी आत्या, एरंडोलला आमच्याच घरी राहणारी. लहानपणी मला मुदतीचा ताप आला आणि डॉक्टरांचाही धीर सुटत चालला, तेव्हा तिने पद्मालयाच्या गणपतीला साकडं घातलं — पोर उठू दे, जिवंत हत्तीला माझ्या हाताने मोदक भरवीन, आणि तोवर चहाला शिवणार नाही. मी उठले. पण आमच्या खानदेशात केळी, कापूस, ऊन सगळं उदंड. हत्ती तेवढा नाही. चहाविना अक्काची सकाळ अशी काही उगवे की दूधवाला भांडं उंबऱ्यावर ठेवून पळ काढी. शेवटी वडीलच म्हणाले, "आता हत्तीकडे आपणच जाऊ."

गाडीत त्यांनी बागेचा इतिहास ऐकवला — साहेबाच्या राज्यात राणीच्या नावाने ती कशी उभी राहिली, देशोदेशीची झाडं कशी लावली, पुढे नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी राणीच कशी राहिली. अक्काने सगळं मन लावून ऐकलं. राणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने पिशवीत चोळीचा खणही घेतला होता, हे आम्हाला मुंबईत उतरल्यावर कळलं.

"मावशी, डबा बंद करा," पहारेकरी म्हणाला.

"भाऊ, आम्ही इतला दूरथीन हत्तीकरता उनूत, पाटीकरता नही." अक्काने आपल्या अहिराणीत सुनावलं, एवढ्या लांबून आलोय ते हत्तीसाठी, पाटीसाठी नव्हे.

वडिलांनी माझ्या तापाची कथा सांगितली, पुरावा म्हणून मला पुढे उभं केलं. पहारेकऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, त्याचे डोळे पाणावले, पण तो काही बधला नाही. मग एका जुन्या वृक्षाच्या सावलीत मोदक आम्हीच खाल्ले. सगळ्यात जास्त पहारेकऱ्याने. घरी परतलो तेव्हा आमचे चेहरे पाहून आईने न विचारताच अक्कासाठी चढवलेलं चहाचं पातेलं उतरवलं.

काही वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका सकाळी, साधूंचा एक जथा खराखुरा हत्ती घेऊन आमच्याच दारात उभा राहिला! वडील गूळ आणायला धावले, आईने आनंदाने चहाचं आधण ठेवलं. अक्का बाहेर आली, हत्तीला हात जोडले, साधूंच्या झोळीत पसाभर दादर ज्वारी घातली... आणि आत निघून गेली.

"अक्का, नवस?" वडील जवळजवळ ओरडलेच.

"नवस फिटना ते देव मोकया हुई जाई," ती म्हणाली. "मंग मनी पोरकडे कोन दखी?"

म्हणजे नवस फिटला की देव सुटला, मग माझ्या पोरीकडे कोण बघणार!

अक्का गेली, ती चहाला न शिवताच. त्या दिवशी आल्यागेल्यांसाठी चहा उकळत होता आणि मी हातातला कप तसाच खाली ठेवला; एवढं प्रेम आपल्यावर कोणी केलं, हे मला तेव्हा कुठे कळलं. आज पन्नाशी उलटली, तरी साधं पडसंही मला फारसं होत नाही. वाटेत कधी हत्ती दिसलाच, तर मी दुरूनच नमस्कार करते — आणि हातातली केळ्यांची पिशवी हळूच पाठीमागे नेते.