सुतळ्या, भिंगरी आणि पिशवीभर निरगाठी

माझ्या धाकट्या भावाला आम्ही सगळे सुतळ्या म्हणतो. तोंडावरच म्हणतो, आणि तो ओ देतो. उभा जन्म त्याने एका मालवाहतूक कंपनीच्या पार्सल विभागात लोकांचं सामान बांधण्यात घालवला. आधी खोकं, त्यावर गोणपाट, त्यावर सुतळीची चौकडी आणि शेवटी निरगाठ. गाठीवर मेणाचा थेंब, थेंबावर अंगठा. तो अंगठा टेकला की पार्सल कुठेही जायला मोकळं. एकदा त्याने बांधलेलं खोकं चालत्या ट्रकमधून कालव्यात पडलं. वर काढलं तेव्हा चिंब भिजलं होतं, पण उघडलं नव्हतं. हा प्रसंग त्याने मला इतक्या वेळा ऐकवलाय की कालव्यात मीच पडले होते असं हल्ली वाटायला लागलंय. एका गिऱ्हाइकाला आरशाचं पार्सल उघडायला सुतार बोलवावा लागला होता, हे मात्र तो सांगत नाही. ते मी सांगते.

सुरगाठीचा त्याला मनापासून तिटकारा. "एक टोक ओढलं की सुटते, ती कसली गाठ? ती तोंडदेखली ओळख," असं तो म्हणतो. घरातही तोच कारभार. साखरेची पिशवी, गादीची वळकटी, मिटलेली छत्री, सगळ्यांना निरगाठ. आमची भावजय होती तोवर किल्ल्यांच्या जुडग्यात कात्री अडकवून फिरायची. त्याची मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पाय पुढे करायची आणि तिची आई बुटाची नाडी कापायची. रोज. नाड्यांच्या दुकानदाराला आमचं घर म्हणजे मोठं गिऱ्हाईक वाटायचं.

भावजय गेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. कात्री खिळ्याला लटकत राहिली आणि हा एकटा घरभर गाठी मारत राहिला.

मग मुलीने घराचं काम काढलं. रंगकाम, सुतारकाम, सगळीकडे धूळ, म्हणून तिची पोर काही दिवस आजोबाकडे आली. पोर दोन वर्षांचीही नाही. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा एका दिशेला तोंड करून राहत नाही. पहिले दोन दिवस तिने सुतळ्याकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या खिशातल्या सुतळीच्या गुंड्याचं टोक तिच्या हाताला लागलं. ते ओढत ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत गेली, आणि मागोमाग माझा भाऊ, खिसा धरून, ओढला जाईल तसा. तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं. त्याला ती 'आजो' म्हणते. बाकी जगाला म्हणायला तिच्याजवळ एकच शब्द आहे, 'नाई'.

घराचं काम संपल्यावर मुलीचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर ठेवायची त्याला सवय, त्यामुळे मीही ऐकलं.

"बाबा, मी येते न्यायला."

"तू कशाला? मी आणून सोडतो."

"विमानात? तुम्ही? तिला घेऊन?"

"चाळीस वर्षं माल पोचवलाय मी."

"तो माल रडत नव्हता, बाबा." मग ती जरा थांबली. "बरं, ऐका. तुम्ही तिला नीट आणलीत, तर यापुढे दर सुट्टीत घेऊन जा आणि आणून सोडा. मला रजा मिळत नाही, ह्यांना तर नाहीच. पण तिने विमान डोक्यावर घेतलं आणि तुमच्याने आवरली नाही, तर हा नाद सोडायचा. मग भेटायला तुम्हीच इकडे यायचं."

सुतळ्याने खिशातला गुंडा मुठीत धरला. लेकीच्या घरी विहीणबाई असतात. त्या घरात हा पाहुणा. पाहुण्याच्या मांडीवर पोर आपणहून येत नाही, आणून बसवावं लागतं.

"आणि आत्याला बरोबर आणा. आत्या खोटं बोलत नाही. तीच सांगेल मला काय झालं ते."

म्हणजे मी साक्षीदार. खोटं बोलायला मला काही हरकत नसते. पण बोललेलं पुढे लक्षात ठेवावं लागतं, त्याचा मला कंटाळा.

शेजारी एक तरुण मुलगी राहते, तिला जुळी आहेत. सुतळ्या तिच्याकडे शिकवणीला गेला. ती म्हणाली, "काका, सोपं आहे. घरातल्याच लहानसहान वस्तू घ्यायच्या आणि कागदात गुंडाळायच्या. रडायला लागली की एक पुडी द्यायची. आत काय आहे याच्यापेक्षा उघडण्यातच मुलांचा वेळ जातो."

सल्ला चांगला होता. पण 'गुंडाळायच्या' एवढा एकच शब्द याच्या कानात शिरला. रिकामी रिळं, चमचा, बरणीचं झाकण, जुन्या कुलपाची किल्ली, लाकडी बदक, असं काय काय त्याने गोळा केलं आणि दार लावून बसला. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाला, "तयारी. तू तुझं बघ." मी माझं बघितलं. कानात घालायला कापसाचे बोळे पर्समध्ये टाकले.

विमानतळावर तपासणीला त्याची पिशवी अडली. गणवेशातल्या बाईंनी आतली कात्री काढून घेतली, ते ठीकच. मग त्यांनी एक पुडी उचलली. तेव्हा मी ती पहिल्यांदा पाहिली. लिंबाएवढी पुडी, तिला खाकी कागद, कागदावर सुतळीची चौकडी, गाठीवर मेण.

"हे काय आहे?"

"खाऊची रिळं... म्हणजे खेळायची. नातीसाठी."

"उघडून दाखवा."

सुतळ्याने पुडीकडे पाहिलं, मग जप्त झालेल्या कात्रीकडे पाहिलं. "कात्री द्या, उघडतो."

"कात्री मिळणार नाही. हाताने उघडा."

"हाताने उघडली तर ती गाठ कसली?" हे तो अभिमानाने म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी मध्ये पडले आणि सांगितलं, "हो, हा असाच आहे. जन्मापासून." शेवटी बाईंनी त्यांच्याकडच्या पात्याने ती पुडी कापली. आतून एक रिकामं रीळ निघालं. बाकीच्या पुड्या यंत्रातून पुन्हापुन्हा फिरवून सोडून दिल्या. आता मात्र त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"ताई, कात्री गेली."

"दिसलं मला."

"मग हे उघडायचं कशाने?"

"मला काय विचारतोस? कालव्याला विचार."

विमानात खिडकीशी मी, मध्ये मांडीवर भिंगरी घेतलेला सुतळ्या आणि कडेला एक गलेलठ्ठ गृहस्थ. हे दातांचे डॉक्टर, असं त्यांनी बसता बसताच सांगितलं आणि डोळ्यांवर काळी पट्टी ओढून घेतली. सुरुवातीला भिंगरी पट्ट्याच्या चापावर खूश होती. उघड, लाव, उघड, लाव. हवाईसुंदरीने तो लावून टाकला आणि उघडायचा नाही म्हणाली. झालं. 'नाई!' 'नाई नाई!' मग शब्द संपले आणि नुसता भोंगा उरला.

सुतळ्याने घाईघाईने पुडी दिली. भिंगरी गप्प झाली. तिने पुडी उलटी केली, सुलटी केली, सुतळी ओढली, चावली, माझ्या गुडघ्यावर आपटली. पुडी ढिम्म. पोरीने आजोकडे पाहिलं, आणि मग जो टाहो फोडला म्हणता! पुढच्या रांगेतल्या बाई मान वळवून बघायला लागल्या. सुतळ्या नखं लावून गाठ उकलायला बघत होता, पण त्याची बोटं आता पूर्वीची राहिलेली नाहीत. त्याने हवाईसुंदरीला हाक मारली, "मुली, जरा कात्री देतेस?"

ती बिचारी अशी दचकली की जणू त्याने वाघ मागितला.

डॉक्टरांनी पट्टी वर केली. "काय प्रकार आहे?"

"गाठ सुटत नाही," सुतळ्या म्हणाला.

"कोणी मारली ही?"

"मीच."

"आणा इकडे." डॉक्टरांनी पुडी घेतली, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला, लाल झाले. मग इकडेतिकडे बघून हळूच गाठ दातांत धरली. तेवढ्यात भिंगरीचं रडणं थांबलं. डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, पण नजर डॉक्टरांवर. एवढा मोठा माणूस आपल्यासारखाच पुडी चावतोय! डॉक्टरांनी पुडी तोंडातून काढली. बंद ती बंदच.

"नाई!" भिंगरी म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

"हसतेय बघा माझ्यावर," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते लागलं असावं, कारण त्यांनी पुडी पुढच्या बाईंना दिली. "तुमची नखं मोठी आहेत, बघा जरा." बाईंचं नख तुटलं. "नाई!" टाळ्या. बाईंनी ती नवऱ्याला दिली. नवरा म्हणाला, "ह्यात काय एवढं?" आणि त्याचं काय झालं हे सांगायला नकोच. तोवर पलीकडच्या रांगेतून हात पुढे आले. सुतळ्याने आणखी पुड्या वाटल्या. आपल्याच गाठीपुढे सबंध विमान हात टेकतंय, हे बघून त्याची छाती अशी काही फुगली की डॉक्टरांना आणखी अंग चोरून बसावं लागलं.

"ताई, बघितलंस? एकसुद्धा सुटली नाही."

"बघितलं. बक्षीस मागू का तुझ्यासाठी?"

पण हे खरं, की बराच वेळ त्या पोरीने चूं केलं नाही. मोठी माणसं हरताना बघण्यासारखी करमणूक नाही, हे तिला तेवढ्या वयात कळलं.

मग विमान खाली यायला लागलं. सगळ्यांनी पुड्या परत केल्या आणि मुकाट्याने पट्टे आवळले. डॉक्टरांनी काळी पट्टी ओढली. खेळ मोडला. त्यातून भिंगरीचे कान दुखायला लागले असावेत. तिने दोन्ही कान धरले आणि रडायला लागली. हे रडणं आधीसारखं नव्हतं. त्यात हट्ट नव्हता, नुसतं दुखणं होतं. पाणी पाजलं, तिने थुंकलं. पुडी दिली, तिने ती सुतळ्याच्या छातीवर भिरकावली आणि 'आजो, आजो' करत त्याच्याच शर्टात तोंड खुपसलं.

सुतळ्याचं तोंड एवढंसं झालं. तो माझ्याकडे बघत होता. मी काय सांगणार, हे त्याला दिसत होतं.

"ताई, तुझ्या अंबाड्यातला आकडा दे."

मी दिला. एरवी नसता दिला, माझा अंबाडा सैल होतो. त्याने पोरीला एका हाताने धरलं, पुडी गुडघ्यांत पकडली आणि आकड्याचं टोक गाठीत घातलं. मेण टवका टवका करून उडवलं. विमान हलत होतं, आकडा दोनदा बोटात गेला. बांधायला आयुष्य गेलं त्याचं, सोडवायला तो पहिल्यांदाच बसला होता, आणि शिकाऊ पोरासारखा जीभ बाहेर काढून बसला होता. शेवटी गाठ सैल झाली. आतून लाकडी बदक निघालं. भिंगरीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला पाहिजे होती सुतळी.

क्षणभर तो त्या सुतळीकडे बघत राहिला. मग ती बदकाभोवती गुंडाळली आणि इकडेतिकडे बघत, चोरी करावी तशी, सुरगाठ मारली. टोक भिंगरीच्या मुठीत दिलं.

"ओढ."

तिने ओढलं. गाठ सुटली. पोर रडता रडता थबकली. सुतळीकडे बघितलं, आजोकडे बघितलं. "आजो!" त्याने पुन्हा बांधलं. तिने पुन्हा ओढलं. बांध, ओढ. बांध, ओढ. चाकं जमिनीला टेकली तरी दोघांना पत्ता नव्हता. मी खिडकीबाहेर बघत बसले. कापसाचे बोळे पर्समध्येच राहिले होते.

बाहेर मुलगी उभी होती, शेजारी विहीणबाई. मुलीने पोरीला उचललं, पटापटा मुके घेतले आणि माझ्याकडे वळली.

"आत्या, खरं सांग. रडली?"

"रडली. दोनदा. दुसऱ्यांदा तर कान किटतील अशी."

सुतळ्या पिशवीचे बंद चाचपत खाली बघायला लागला. "मला वाटलंच होतं," विहीणबाई म्हणाल्या.

"पुरतं ऐकून घ्या," मी म्हटलं. "मग तुझ्या बापाने सुरगाठ मारली, आणि ती गप्प झाली."

मुलगी बघतच राहिली. "कोणी? बाबांनी?"

"माझ्या देखत."

"सुरगाठ? बाबा, माझ्या बुटांना कधी मारली नाहीत ती! आई रोज नाडी कापायची!"

"तू पळायचीस किती," सुतळ्या पुटपुटला. "नाडी सुटली असती म्हणजे? पडली नसतीस?"

भिंगरीच्या मुठीत सुतळीचा तुकडा होता. तो तिने आजोपुढे धरला आणि हुकूम सोडला, "आजो, बां!" सुतळ्याने लगबगीने तो तिच्या मनगटावर बांधला. सुरगाठच. तिने ओढला, खदखदून हसली आणि पुन्हा पुढे धरला.

"सुट्टी लागली की फोन करते," मुलगी म्हणाली. मग तिने लगेच दमही भरला. "पण न्यायला वेळेवर यायचं, बाबा. आणि मेण नाही म्हणजे नाही!"

"मेण नाही," तो म्हणाला.

गाडीत सामान ठेवताना विहीणबाईंना पिशवीतल्या पुड्या दिसल्या. त्यांनी एक उचलून निरखली. "हे एवढं उघडता येईना तुम्हा लोकांना? आणा, मी दाखवते."

सुतळ्याने माझ्याकडे बघितलं. मी बाजूला सरकून विहीणबाईंना जागा करून दिली. भिंगरी आईच्या कडेवरून वाकून विहीणबाईंच्या बोटांकडे टक लावून बघत होती, आणि टाळीसाठी तिने दोन्ही हात आधीच वर धरले होते.