नक्कोतला दुसरा क

आमच्या हैदराबादच्या मराठी ग्रंथालयाच्या संगणकात यादीतलं पुस्तक रद्द करायला गेलं की प्रश्न येतो, ‘खरंच काढायचं का?’ खाली दोन बटणं. एकावर ‘हौ’, दुसऱ्यावर ‘नक्को’.

ती माझ्या बायकोनं बसवली. ती इथल्याच जामबागेत वाढलेली. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, म्हणजे शुद्धलेखनाची जबाबदारी आपोआप माझ्याकडे.

“नकोला एकच क असतो,” मी म्हणालो होतो.

“तुमच्याकडं असंल. तुमचा नको ऐकून माणूस घरी जातो. आमचा नक्को ऐकून चहा घेऊन जातो.”

ती तिथली बिनपगारी ग्रंथपाल होती. पुस्तकांचा सगळा प्रोग्रॅम तिनं स्वतः शिकून बनवला. ती गेली, प्रोग्रॅम चालू राहिला. मी अधूनमधून तिथं जाऊन बसतो. काम फारसं नसतं.

यंदा तारनाक्याला शाखा काढायचं ठरलं. दोन्हीकडे एकच यादी दिसायची तर माहिती सर्व्हरवर न्यायला हवी. अध्यक्षांना नवाच प्रोग्रॅम हवा होता, उद्घाटनाला शोभेलसा.

“जुन्यावर ‘हौ’ लिहिलंय हो,” ते म्हणाले. “पाहुणे काय म्हणतील?”

पाहुणे हैदराबादचेच होते. हौच म्हणाले असते.

मी सांगितलं, तिच्या स्क्रीन आहेत तशा ठेवता येतात. फक्त त्यांच्या मागची कोष्टकं सर्व्हरवर हलवायची आणि स्क्रीन तिकडे जोडायच्या.

“उद्घाटनापर्यंत जोडा,” अध्यक्ष म्हणाले. “नाहीतर जुनं काढून टाकू.”

नोकरीभर मी हेच केलं होतं. स्क्रीन आणि सर्व्हर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा लागतो. तो बसवला, कोष्टकं जोडली, यादी उघडली. ओळी भराभर आल्या आणि प्रत्येक रकान्यात एकच इंग्रजी शब्द : डिलीटेड.

सर्व्हरवर पाहिलं तर पुस्तकं जागच्या जागी. होती, पण तिच्या स्क्रीनला दिसत नव्हती. माझं गेली काही वर्षं याच्या उलट चाललं आहे.

घोळ तिच्या क्रमांकांत निघाला. कादंबरीला ‘का-१२’, नाटकाला ‘ना-७’. आकडेसुद्धा मराठी. मी तेव्हाही कुरकुरलो होतो. “पोरं मराठी वाचत नाहीत,” ती म्हणाली होती. “पुस्तक शोधताना का आणि ना तर वाचतील.” आणि मी निवडलेल्या दुभाष्याला रोमनखेरीज लिपी येत नव्हती. स्क्रीन ‘का-१२’ मागायची, तो सर्व्हरला नुसती प्रश्नचिन्हं नेऊन द्यायचा. सर्व्हर म्हणायचा, असं पुस्तक नाही. स्क्रीन बिचारी समजायची, कुणीतरी काढून टाकलं.

सगळ्या लिप्या जाणणारा ड्रायव्हर ड्रायव्हरांच्या त्याच यादीत, त्याच्या शेजारच्याच ओळीत होता. तो निवडून कोष्टकं पुन्हा जोडली. का-१, का-२, का-३. मी बराच वेळ ती नुसतीच वाचत बसलो.

मग एक पुस्तक रद्द करायला घेतलं. तिचा प्रश्न आला. चाचणीत खरं तर दोन्ही बटणं दाबून बघायची असतात. मी नक्को दाबलं. हौ दुसऱ्या कुणी तपासावं.

तारनाक्याच्या उद्घाटनात अध्यक्ष ज्ञानगंगेवर बोलले. ती गंगा कुणी जोडली, हे त्यांच्या भाषणात यायचं राहून गेलं. माईक नीट चालत होता. नंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “छान झालं. ती दोन बटणं तेवढी बदलून द्याल?”

“नक्को,” मी म्हणालो. दोन्ही क आले. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच येत होते.

अध्यक्ष हसले. “बसा की मग, चहा घेऊ,” म्हणाले, आणि खरोखरच चहा घेऊनच गेले.

हे तिला सांगायचं म्हणून मी घाईघाईनं घरी निघालो. वाटेतल्या नामपल्लीपर्यंत ती घाई टिकली.