न थांबलेल्या माणसाचं गाणं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याला सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बावीस वर्षं त्यावर पाय ठेवून बसल्यामुळे त्याचा पाय कुठेच स्वस्थ नसे. जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, अगदी सासुरवाडीच्या सोफ्यावरसुद्धा तो जमीन दाबत असायचा. "अहो, कुणी आडवं आलं का?" बायको विचारायची.

फावल्या वेळात तो गाणी लिहायचा, गिटारवर चाल बसवायचा आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत म्हणायचा. तीस-चाळीस माणसं यायची, टाळ्या वाजवून घरी जायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग त्याने ते गाणं लिहिलं. त्यातला 'मी' गाडीने एका माणसाला उडवतो, आरशात बघतो आणि गाडी दामटतो. मागे रस्त्यावर त्या माणसाच्या डब्याचं झाकण गोल गोल फिरत राहतं. हा घरी येऊन हात धुतो, पोरांना जवळ घेतो, स्वतःला म्हणतो, 'थांबून काय तो उठणार होता?' आणि गाढ झोपतो. माफी नाही, पश्चात्ताप नाही. गाणं तिथेच संपतं.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि आठवड्याभरात ते शहरभर झालं. हा माणूस लोकांना गाडी शिकवतो हेही झालं. तिघांनी शिकवणीतून नावं काढून घेतली.

स्कूलच्या मालकीणबाईंनी त्याला आत बोलावलं. "मास्तर, गाणं चांगलं असेल हो. पण म्हणण्याआधी एक ओळ सांगून टाका ना, की हे माझं मत नाही."

"नाटकात खून करणारा नट घराच्या दारावर तशी पाटी लावतो का?"

"नटाच्या शेजारी बसून लोक गाडी शिकत नाहीत," बाई म्हणाल्या.

घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "तुम्ही मुंगी चुकवून चालणारे, मला काय माहीत नाही? पण अहो... खरंच कधी काही झालं नव्हतं ना?" घडी मोडून तिने पुन्हा घातली. त्याने नाही म्हटलं, पण तिने विचारलं हेच त्याला लागलं. तो चपला घालून बाहेर पडला आणि त्याच चार गल्ल्यांतून चकरा मारत राहिला.

औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई तेव्हा त्याच्याकडे शिकत होती. तिसऱ्या दिवशी तिने शिकवल्याप्रमाणे इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि समोर बघतच विचारलं, "गाण्यातला माणूस तुम्हीच का?"

"नाही."

"मग ते झाकण?"

"माझाच डबा एकदा जिन्यात पडला होता. बाकीचं मनाने रचलं."

"माझ्या भावाला उडवणारा सहा वर्षं झाली तरी सापडला नाही," ती म्हणाली. "तुमचं गाणं मी अकरा वेळा ऐकलं. त्या माणसाला झोप लागते, ते मला सहन होत नाही. तेवढं कडवं बदला."

त्याने तीन दिवस खटपट केली. नव्या कडव्यात तो माणूस गाडी वळवून मागे आला, गुडघ्यावर बसला, रडला. म्हणून पाहिलं तर गाणं ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवरच्या नियमांच्या तक्त्यासारखं वाटलं. आणि जुनं कडवं पुन्हा म्हणताना तो 'थांबून काय तो उठणार होता?' या ओळीशी थांबला. ते वाक्य कुठून आलं, ते त्याला आठवलं होतं.

पुढच्या शिकवणीला त्याने गाडी सुरू करायच्या आधीच तिला सांगून टाकलं. "मी कुणाला उडवलं नाही. पण वडील शेवटच्या दुखण्यात होते, भावाचे फोनवर फोन येत होते, तेव्हा मी गेलो नाही. जाऊन काय ते उठणार होते, असं स्वतःला सांगितलं. आणि झोपलो. चांगला झोपलो."

तिने किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"मग बदलू नका," ती म्हणाली. "मात्र मी ऐकायला येणार नाही."

"नका येऊ."

त्या रविवारी त्याने गाणं जसंच्या तसं म्हटलं. आधी खुलासा केला नाही. दोघं मधूनच उठून गेले, टाळ्या तुरळक पडल्या. मालकीणबाई मागच्या रांगेत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची एक बॅच दुसऱ्या शिक्षकाला दिली, त्याला काढलं मात्र नाही.

औषधवाली बाई दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली. फोनवर तेवढंच बोलली.

बायकोला वडिलांची गोष्ट त्याने अजून सांगितलेली नाही. नव्या गाण्यासाठी वही उघडतो, 'मी' एवढं एकच अक्षर लिहितो आणि उठून खोलीत येरझाऱ्या घालतो. ती स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं हो?"

"काही नाही," तो म्हणतो, आणि पुन्हा वहीपाशी येऊन बसतो.