वाडीचा ठिपका

आमच्या खात्यात तेव्हा नकाशांची मानकं ठरत होती, म्हणजे नियमच. राज्यभरच्या कार्यालयांनी गाव, वाडी, पाडा, ओढा एकाच पद्धतीनं नोंदवायचा, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला चालेल, इतकी साधी गोष्ट. तिला वर्षं लागली. वाडी आणि पाडा एकच की वेगळे, यावर जंगलवाले आणि महसूलवाले असे भांडत, की मला वाटे यांना एकदा तिथं राहायलाच न्यावं. तोवर नकाशात गावाला एकच ठिपका, तोही ग्रामपंचायतीच्या दारात. डोंगरावरच्या वाड्या त्यातच धरलेल्या.

आमचं माहेर मुरबाडकडचं. माझी थोरली ताई शहापूर तालुक्यातल्या अशाच एका वाडीत दिलेली. नळयोजना आली ती ठिपक्यापर्यंत, आणि कागदावर वाडीलाही पाणी पोचलं. ताई मात्र खालच्या विहिरीवरून हंडे आणत राहिली.

"तुज्या नकाशात आमची वाडी नाय, मंग मी नांदते कुठं गो?" ती हसून विचारायची.

"यंदा ठिपका येतो बघ. मग नळाला कोण नाही म्हणतंय," मी दर खेपेला सांगायची, आणि मनापासून सांगायची.

तिचा मुलगा शहापुरात कामाला. खाली चल म्हणून मागे लागलेला. "तुजी मावशी नळ आनतेय," असं त्याला सांगत ती थांबली. शेजारची घरं एकेक करून उतरली, हिचे गुडघे गेले, आणि आमच्या बैठकीत चहा फिरत राहिला. शेवटी मुलानं तिला उचलूनच आपल्या खोलीवर आणलं, आणि वाडीतल्या घराची कौलं विकायचं काढलं. माझा शब्द नसता तर ती आपल्या पायांनी आली असती. हे मला अजून सोसत नाही.

नियम मंजूर झाले, पाहणी झाली, तेव्हा मोबाइलवर नवा नकाशा घेऊन मी तिच्याकडे गेले. तिला वाचता येत नाही. मी ठिपका दाखवला, वाडीचं नाव वाचलं. नावापुढे 'निर्जन' लिहिलं होतं. ते बरोबरच होतं, तिथं आता कुणीच राहत नव्हतं. निर्जन जागी नळ जात नाही, हाही नियमच. तो शब्द मी वाचला नाही.

तिनं बोट लावताच ठिपका मोठा झाला. ती दचकली, मग हसली, आणि मुलाला हाक मारली.

"घराची कौलं इकायची नाय रे. नळाला आपला नंबर लागला."

त्यानं माझ्या हातातला मोबाइल घेतला. त्याला वाचता येतं.